‘आता बघा, शिंगं फुटतील!’ : घरी शिकणारा चौदा वर्षांचा मुलगा आणि भोवतालची माणसं

प्रश्न : आम्ही नाशिकला, इंदिरानगरमध्ये राहतो. चौथीनंतर मुलाला शाळेतून काढलं, तेव्हापासून तो घरीच शिकतो. गेल्या महिन्यात त्याला चौदा पूर्ण झाली. सासूबाई म्हणतात, आतापर्यंत ठीक होतं, पण आता वयात आला की हाताबाहेर जाईल, शाळेचा धाक हवाच. जाऊबाईंचं नेमकं उलटं. त्यांना तो ‘या वयाच्या मुलांसारखा’ वाटत नाही. मोठ्यांत बसून बोलतो म्हणून आगाऊ वाटतो आणि मोबाईलसाठी हट्ट करत नाही म्हणून दबलेला वाटतो. लग्नकार्यात, सोसायटीत, जिथे जाऊ तिथे त्याची परीक्षा घेतली जाते. आजवर मी सगळ्यांना उत्तरं देत आले. पण पंधरा दिवसांपासून तो रात्री खोलीचं दार लावून घेतो, काही विचारलं की तुटक बोलतो. आता मलाच वाटायला लागलंय, सुरू झालं का ते? आमचं चुकलं का?

उत्तर :

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. सासूबाई म्हणतात तो बिघडेल आणि जाऊबाई म्हणतात तो बिघडत कसा नाही. दोघींच्या काळजीवर मला शंका नाही, माणसं आपली आहेत म्हणूनच बोलतात. पण दोघींच्या डोळ्यांसमोर तुमचा मुलगा नाही. त्यांच्यासमोर ‘चौदा वर्षांचा मुलगा’ नावाचं एक ठरलेलं चित्र आहे आणि त्या चित्राशी त्या त्याला ताडून बघतायत. आणि या पंधरा दिवसांत तेच चित्र तुमच्याही मनात येऊन बसलंय. म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

मी अकरा वर्षं माध्यमिक शाळेत शिकवलं, नववी-दहावीचे वर्ग. त्यानंतर एकोणीस वर्षं गंगापूर रोडवर या वयाच्या मुलांशी आणि त्यांच्या पालकांशी समुपदेशक म्हणून बोलते आहे. त्यातली चाळीसेक घरं मुलांना घरी शिकवणारी. माझी धाकटी सहावी ते दहावी घरीच शिकली. त्यामुळे वर्गातल्या फळ्याजवळूनही मी ही मुलं पाहिली आहेत आणि स्वयंपाकघरातल्या ओट्याजवळूनही.

आधी त्या चित्राबद्दल. आपली भाषा या वयाला काय म्हणते ते बघा. मिसरूड फुटलं, शिंगं फुटली, वयात आला. उलट बोलायला लागला, स्वतःचं मत मांडायला लागला की शिंगं फुटली म्हणायचं. पण खरा मूर्खपणा करण्याचं वय म्हणून आपण ‘गद्धेपंचविशी’ म्हणत आलो, म्हणजे ते पार विशीपर्यंत नेलं. तेरा-चौदाव्या वर्षी मूल आपोआप बंडखोर, बेजबाबदार आणि घुमं होतं ही समजूत आपल्या आज्यांची नव्हे. त्यांच्या काळात चौदा वर्षांचा मुलगा मोटेवर असायचा, दुकानाच्या गल्ल्यावर असायचा, तांबटाच्या घरचा असेल तर बापाशेजारी बसून ठोके घालत असायचा. त्या काळाचे दोष मला माहीत आहेत आणि तो परत यावा असं मुळीच वाटत नाही. त्या काळातल्या मुलींचं तर बोलायलाच नको. मुद्दा एवढाच की त्या वयाकडून तेव्हा वेगळी अपेक्षा होती आणि मुलं त्या अपेक्षेप्रमाणे वागायची.

किशोरवय म्हणजे वादळ, ही कल्पना शास्त्राच्या भाषेत ठामपणे मांडली ती स्टॅनली हॉल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने, १९०४ साली. पुढच्या संशोधनात दिसलं की भावना तीव्र होणं, आईवडिलांशी खटके उडणं, धोका पत्करावासा वाटणं हे या वयात वाढतं खरं, पण सगळ्यांचं सारखं नाही आणि सगळीकडे सारखं नाही. वादळ येणारच असं गृहीत धरायला आधार नाही, आणि येणारच नाही असं म्हणायलाही नाही.

मग वयाचं किती आणि व्यवस्थेचं किती? २००५ साली मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावर गाडी चालवायचा खेळ. सिग्नल पिवळा झाल्यावर गाडी जितकी पुढे न्याल तितके गुण जास्त, पण लाल झाल्यावरही गाडी चालतीच असेल तर ती आदळणार. १३ ते १६ वर्षांची मुलं, १८ ते २२ वर्षांचे तरुण आणि २४च्या पुढची माणसं असे तीन गट. काहींनी एकट्याने खेळायचं, काहींनी आपल्याच वयाच्या सोबत्यांच्या देखत. मोठी माणसं सोबत कुणी असो-नसो, साधारण सारखंच खेळली. मुलांचा धोका पत्करण्याचा कल सोबती बघत असताना ठळकपणे वाढला.

याचा अर्थ सोबती वाईट असा लावू नका. तो असा, की आपण ज्याला ‘या वयाचा उनाडपणा’ म्हणतो, त्यातला बराचसा भाग सारख्याच वयाच्या मुलांच्या घोळक्यात, रोज, तासन् तास, दुसऱ्याच्या नजरेखाली असण्याचा आहे. मी नववीच्या वर्गात बासष्ट मुलं एका वेळी सांभाळलीत. एकेकट्याने स्टाफरूमच्या दारात येऊन उभा राहिला की शहाण्यासारखा बोलणारा मुलगा वर्गात परत गेला की बाक वाजवायचा. मूल तेच, खोली बदलली की वागणं बदलायचं. तुमच्या मुलाच्या दिवसात ती खोली नाही, म्हणून तो बाक वाजवत नाही. दबलेला असण्याची तेवढी खूण पुरेशी नाही. तसंच घरी शिकतो म्हणून तो इतर मुलांपेक्षा समंजस आहे असंही यावरून ठरत नाही. उद्या चार सोबत्यांच्या मोटारसायकलवर बसला तर त्याचंही डोकं तसंच चालेल. ही दुसरी बाजू घरी शिकवणारे पालक सोयीने विसरतात, तुम्ही विसरू नका.

आता झोपेबद्दल सांगते, कारण यात मी स्वतः चुकलेय. आमची शाळा सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी भरायची. हिवाळ्यात पहिल्या तासाला नववीची अर्धी मुलं डोळे उघडे ठेवून झोपलेली असायची. मी ‘आळशी’, ‘लक्ष नसते’ असे शेरे प्रगतिपुस्तकांत लिहिलेत, एकदोन नव्हे, शेकड्यांनी. पुढे शिकले तेव्हा कळलं की या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री तासा-दोन तासांनी उशिरा स्रवायला लागतं. आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. म्हणजे अकराला डोळा लागलेल्या मुलाला साडेपाचला उठवणं हा त्याच्या झोपेवर दरोडा आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नका अशी शिफारस केली, ती यामुळेच. त्या मुलांच्या प्रगतिपुस्तकांवरचे शेरे मला आता पुसता येत नाहीत.

घरी शिकणाऱ्या मुलाला ही झोप मिळते, आणि नेमकी तीच पाहुण्यांच्या डोळ्यांत भरते. सकाळी आठला गावाहून मामा आले, भाचा अजून पांघरुणात. झालं, ‘लाडावून ठेवलाय’. तुमच्याकडे असं होत असेल तर सरळ सांगा, ‘दादा, रात्री साडेअकराला झोपला, साडेआठला उठेल, मग बारापर्यंत अभ्यासाला बसेल.’ माफी मागितल्याच्या सुरात मात्र सांगू नका. मूल आतून ऐकत असतं.

सकाळी अकरा वाजताच्या प्रसंगाबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण तो तुम्हाला माहीत असणारच. शाळेच्या वेळात रस्त्यावर दिसलेलं मूल म्हणजे शाळा बुडवलेलं मूल. माझ्याकडे येणारी एक पंधरा वर्षांची मुलगी जुनी सायकल खोलून बसली होती. मागच्या चाकाचं हब, म्हणजे चाकाचा मधला फिरता भाग, कुरकुरत होतं. ती रविवार कारंजाजवळ सायकलच्या सुट्या भागांच्या दुकानात गेली, त्या दिवशी मीही सोबत होते. म्हणाली, ‘काका, मागच्या हबचे पाव इंची छर्रे द्या, अठरा.’ दुकानदाराने आधी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. मग ते तिला म्हणाले, ‘आज शाळा नाही का गं?’ ‘मी घरी शिकते.’ ‘असं कुठं असतं? आणि अठराच कशाला, मूठभर घेऊन जा.’ ती म्हणाली, ‘दोन्ही बाजूंना नऊ-नऊ बसतात, मी मोजलेत. पुढच्याचे बारीक असतात, ते चांगले आहेत.’ त्यांनी छर्रे एका कागदावर ओतले, बोटाने दोन-दोन करत मोजले, पुडी बांधली. मग तिला थांबवून आतून एक जुना कोन, म्हणजे छर्रे ज्यावर फिरतात तो शंकूसारखा भाग, आणला, त्याच्यावर उठलेली चरी तिला नखाने चाचपायला लावली आणि म्हणाले, ‘असा झाला असेल तर छर्रे बदलून उपयोग नाही, कोनच बदलावा लागतो. बघून ये, मग सांग.’ ती संध्याकाळी परत गेली.

हा प्रसंग मी पालकांना नेहमी सांगते. त्या काकांचा समज कुणी वाद घालून दूर केला नाही. मुलगी एका खऱ्या कामासाठी तिथे गेली होती आणि काम बोललं. पण मी मध्ये पडून ‘अहो, आजकाल होमस्कूलिंग म्हणून असतं’ अशी सुरुवात केली असती, तर ती मुलगी तिथल्या तिथे एक नमुना झाली असती आणि कोनावरची चरी कुणी दाखवली नसती.

मोठ्यांत बसून बोलतो म्हणून आगाऊ, हे जाऊबाईंचं म्हणणं थोडं थांबून बघू. घरी शिकणारी मुलं दिवसभर वेगवेगळ्या वयाच्या माणसांत असतात. आजोबा, गॅरेजवाला, तबल्याचे सर, खालच्या मजल्यावरचं चार वर्षांचं पोर. त्यामुळे मोठ्या माणसाशी बोलताना ती बिचकत नाहीत. शाळेत मोठा माणूस म्हणजे हुकूम देणारा किंवा मार्क देणारा. त्याच्याशी गप्पा मारायच्या असतात हे तिथे शिकायला मिळत नाही. म्हणून न बिचकणारं मूल लोकांना उद्धट वाटतं. पण जाऊबाई सर्वस्वी चुकतायत असंही नाही. मोकळेपणाला मर्यादेची जोड लागते आणि ती घरातच शिकवावी लागते, कारण मुलाला ती शिकवणारं दुसरं कुणी नाही. एका साखरपुड्यात एका मुलाने आपल्या मोठ्या काकांना पंगतीत सगळ्यांसमोर दुरुस्त केलं. काका म्हणाले गोदावरी नाशिकला उगम पावते. हा म्हणाला, ‘नाही, त्र्यंबकेश्वरला, ब्रह्मगिरीवर.’ बरोबरच होतं. पण काकांचा चेहरा उतरला आणि त्यांनी पुढे जेवताना कुणाशी शब्द काढला नाही. मी त्या मुलाला नंतर विचारलं, ‘तुला काकांना माहिती द्यायची होती की हरवायचं होतं?’ तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘थोडं हरवायचं होतं. ते नेहमी मला प्रश्न विचारतात.’

इथे आपण पाढ्यांवर येतो. शाळेत न जाणारं मूल दिसलं की माणसं त्याला पाढे विचारतात. सतराचा म्हण, एकोणतीसचा म्हण. शाळेत जाणाऱ्या पुतण्याला कुणी विचारत नाही, त्याला ‘किती टक्के पडले’ एवढंच विचारतात आणि पुढे जातात. लहानपणी मुलं हौसेने म्हणून दाखवतात. तेरा-चौदाव्या वर्षी त्यांना त्यातला अपमान कळायला लागतो. दहा वर्षांचा असताना ज्या मामांना धडाधड पाढा म्हणून दाखवला, त्याच मामांना आता तो तुटक उत्तर देतो आणि मामा म्हणतात, ‘बघा, वय बोलायला लागलं.’ वय बोलत असेलही. पण बोलतंय ते अपमानाबद्दल.

यावर मी एक साधी गोष्ट करायला सांगते. कार्यक्रमाला निघण्याआधी, घरातच, मुलाशी ठरवून घ्या. परीक्षा घेतली तर काय करायचं हे त्याने ठरवायचं. उत्तर द्यायचं असेल तर द्यावं. नसेल तर ‘मामा, पाढे राहू द्या, मी सध्या काय करतोय ते सांगू का?’ असं म्हणावं. आणि तुम्ही त्याच्या वतीने उत्तर द्यायचं नाही. ‘अहो, त्याला तर तिशीपर्यंत पाठ आहेत’ असं आई म्हणाली की मुलाची दुहेरी पंचाईत होते. आता त्याला मामांसाठीही पाढा म्हणायचा असतो आणि आईसाठीही.

आणि ताई, खरं सांगायचं ते आता सांगते. तुम्ही लिहिलंय, ‘आजवर मी सगळ्यांना उत्तरं देत आले.’ या वाक्यापाशी मी थांबले.

काही वर्षांपूर्वी एक मुलगी माझ्याकडे आली. सोळाला दोन महिने कमी. घर शिकलेलं, प्रेमळ, आईने तिच्यासाठी नोकरी सोडलेली. आई म्हणाली, ‘ही अशी नव्हती. दारं आपटते. परवा ताट सरकवून उठली. आमच्या ग्रुपमधली कुणाचीच मुलं असं करत नाहीत.’ मी मुलीला एकटीला बसवलं. पंधरा मिनिटं ती फक्त खुर्चीच्या हातावरची वेताची वीण नखाने उसवत होती. मग म्हणाली, ‘मावशी, मला चिडायची परवानगी नाही.’ मी विचारलं, कोण देत नाही? म्हणाली, ‘आई काही म्हणत नाही. पण मी चिडले की तिच्या चेहऱ्यावर येतं, की आता आत्या म्हणणार, बघ, शाळेत न घालून बिघडवलीस पोरगी. शाळेतल्या मैत्रिणीने दार आपटलं तर तिची आई तिला ओरडते. मी दार आपटलं तर आईचं सगळं आयुष्य चुकलं असं होतं.’

तिच्या आईला हे मी मुलीच्या संमतीने, मुलीसमोर सांगितलं. आई रडली. मुलगी रडली नाही, तिने उठून आईला पाणी आणून दिलं. पुढे त्यांची भांडणं बंद झाली नाहीत, उलट काही महिने वाढली. पण ती दोघींची भांडणं होती. मध्ये आत्या नव्हती.

घरी शिकवणाऱ्या पालकांच्या हातून होणारी सगळ्यात मोठी चूक मला हीच वाटते. भोवतालचे लोक मुलाला ‘या वयाचा’ साचा लावतात, आणि आपण त्याला प्रतिउत्तर म्हणून दुसरा साचा लावतो, ‘आमची मुलं अशी नसतात’. मग मूल आपल्या निर्णयाचा पुरावा होतं. पुराव्याला सर्दी व्हायची सोय नसते, कंटाळा यायची नसते, एखादा महिना काहीच न करता लोळायची नसते. अमेरिकेतले काही अभ्यास घरी शिकणारी मुलं वागण्या-बोलण्यात सरस असल्याचं सांगतात, आणि आपल्याकडचे पालक ते अभ्यास ढालीसारखे पुढे करतात. त्यांतल्या बऱ्याच अभ्यासांत स्वतःहून पुढे आलेली कुटुंबंच तपासलेली आहेत. ज्यांचं बिनसलं ती घरं माहिती द्यायला आलीच नसतील. मी तरी सासूबाईंशी वाद घालायला ते अभ्यास वापरणार नाही.

म्हणून तुमचा मुलगा तुटक बोलतो, दार लावतो, तर लावू द्या. या वयात एकांत हवासा वाटतो, घरी शिकणाऱ्याला तर जरा जास्तच, कारण इतर मुलं दिवसाचे सहा-सात तास आईवडिलांच्या नजरेबाहेर असतात आणि तुमचा मुलगा चोवीस तास नजरेत आहे. शाळेतल्या मुलाला घरापासून सुट्टी मिळते. याला ती दारानेच मिळते.

पण सगळंच वयावर किंवा दारावर ढकलायचं नाही. काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्या तर ‘हे वयच असं’ म्हणून सोडायचं नसतं. जे मनापासून आवडायचं तेच सोडून देणं. झोप आणि भूक दोन्ही बिघडणं. अंघोळ, कपडे यांची पर्वा सुटणं. ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ अशी वाक्यं, हसत म्हटलेली असली तरी. यातलं काही दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर थेट डॉक्टरांकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, आणि शेवटचं वाक्य कानावर आलं तर दोन आठवडे थांबूच नका. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे, मराठीतही बोलता येतं. तुमच्या पत्रात या खुणा मला दिसल्या नाहीत, दार आणि तुटकपणा एवढंच दिसलं. पण घरात तुम्ही आहात, मी नाही, म्हणून लिहिलं.

यातच एक गोष्ट आहे जी मी प्रत्येक घरी शिकवणाऱ्या कुटुंबाला बजावते. शाळेत मुलाला रोज पाच-सहा परकी मोठी माणसं बघतात. त्यातल्या एखाद्याच्या तरी लक्षात येतं, हा चार दिवस गप्प आहे, हिच्या हातावर वळ आहे. घरी शिकणाऱ्या मुलाला ही नजर नसते. म्हणून आईवडील सोडून किमान दोन मोठी माणसं त्याच्या आठवड्यात हवीत, ज्यांच्याशी तो तुमच्या पाठीमागे बोलू शकेल, तुमच्याबद्दल तक्रारसुद्धा करू शकेल. तबल्याचे सर, मैदानावरचे प्रशिक्षक, एखादी आत्या. जाऊबाई जर पोटतिडकीने बोलत असतील तर त्याच का नकोत? त्यांच्याकडे महिन्यातून एक रविवार त्याला एकट्याला पाठवा. त्यांचं चित्र तुमच्या युक्तिवादाने बदलणार नाही. तो त्यांच्या घरी भाजी चिरताना दिसला, त्यांच्या मुलाशी भांडताना दिसला, की त्यांना मूल दिसेल.

आणि बरोबरीची मुलं. ‘आमच्या मुलाला सगळ्या वयाचे मित्र आहेत’ हे उत्तर दहा वर्षांच्या मुलापर्यंत चालतं. तेरा-चौदाला बहुतेक मुलांना आपल्याच वयाची, आपल्याच भाषेत बोलणारी माणसं हवी असतात. ती गरज खरी आहे आणि तबल्याचे सर ती भागवू शकत नाहीत. मी पाहिलेल्या चाळीस घरांत जी मुलं पुढे खरोखर एकटी पडली, त्यांच्या पालकांनी हीच गरज दोन-तीन वर्षं नाकारली होती. नाशिकमध्ये यासाठी पैसेही फार लागत नाहीत. गणपतीच्या आधी ढोलपथकांचा सराव सुरू होतो, संध्याकाळी दोन तास, सगळी पंधरा ते पंचविशीतली मुलं. पहाटे मैदानावर धावणारे गट आहेत, सायकलवाले आहेत, पावसाळ्यात अंजनेरीला वनस्पती बघायला जाणारे आहेत. त्याला विचारा, त्याला निवडू द्या. आणि तिथे तो नेऊन सोडणाऱ्या आईशिवाय, स्वतःच्या सायकलवर जाऊ द्या.

जबाबदारीबद्दल थोडं. सासूबाईंना धाक हवाय. मी धाकाने वळलेली मुलं पाहिलीत आणि धाक उठल्यावर उधळलेलीही पाहिलीत. काम देऊन पाहिलंत का? दिंडोरीकडच्या एका घरी शिकणाऱ्या मुलाचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. द्राक्षाची बाग, ऑक्टोबरची फळछाटणी झालेली आणि अवकाळी पावसाचं वातावरण. त्याच्या वडिलांनी त्याला एका एकराचं बघणं दिलं होतं. पंधरा वर्षांचा पोरगा, एरवी नऊशिवाय न उठणारा, त्या महिन्यात पहाटे बागेत पानं उलटी करून डावणी रोगाचा पांढुरका थर दिसतोय का ते बघायचा, वहीत ओळ क्रमांक लिहायचा आणि वडिलांना फवारणीचं सांगायचा. कुणी उठवत नव्हतं. महत्त्वाचं हे की एकदा त्याच्या बघण्यात चूक झाली आणि थोडे घड गेले. वडील रागावले, पण त्यांनी वही काढून घेतली नाही. इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये बाग नाही, हे मला कळतं. पण महिन्याचा किराणा आहे, लाइटबिल आहे, आजीला दवाखान्यात नेणं आहे. ज्यात चुकलं तर खरंच काहीतरी बिघडतं, असं एक काम त्याच्याकडे पूर्ण सोपवा आणि मध्ये डोकावू नका.

मोबाईलबद्दल फार लिहीत नाही. हट्ट करत नसेल तर तुम्ही होऊन देऊ नका, आणि ‘आमचा मागतच नाही’ असं चारचौघांत सांगूही नका. पुढच्या वर्षी मागेल. तेव्हा त्याला आपला शब्द फिरवल्यासारखं वाटायला नको.

दहावीचं थोडक्यात सांगते, म्हणजे सासूबाईंची निम्मी काळजी मिटेल. शिक्षण हक्क कायदा, २००९ हा ६ ते १४ वयासाठी आहे. मुलाला शाळेत घालणं पालकांचं कर्तव्य आहे असं त्यात म्हटलंय, पण पालकांना शिक्षेची तरतूद त्यात नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून चौदा पूर्ण झालेल्या मुलाला दहावीला बसता येतं. आधीच्या शाळेचा दाखला लागत नाही, पाच विषय पुरतात, परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. नावनोंदणीच्या तारखा आणि शुल्क त्यांच्या संकेतस्थळावर बघून घ्या, ते बदलत असतं. ही संस्था १९८९ साली सुरू झाली आणि आपल्या गोवर्धनचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठही त्याच वर्षीचं. शाळा-कॉलेजच्या भिंतीबाहेर राहून शिकलेली माणसं या शहराला नवीन नाहीत. सासूबाईंच्या ओळखीतही मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेलं कुणीतरी निघेल, विचारून बघा.

आणि तो उद्या म्हणाला की मला शाळेत किंवा अकरावीला कॉलेजात जायचंय, तर ‘एवढी वर्षं कशासाठी केलं मग’ असं तोंडून जाऊ देऊ नका. माझ्या मुलीने अकरावीला हेच केलं. पहिल्या दोन आठवड्यांत ती दमून घरी यायची आणि मला मनातून वाटायचं, परत ये म्हणावं. मी म्हटलं नाही. ती तिथे रमली.

‘आमचं चुकलं का?’ याचं उत्तर मी देऊ शकत नाही, आणि तुम्हालाही आज ते हवंच असं नाही. तो प्रश्न तुमचा आणि तुमच्या यजमानांचा आहे, रात्री स्वयंपाकघर आवरताना बोला. फक्त त्याच्या खोलीचं दार त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून वाचू नका. आज संध्याकाळी दार बंद असेल तर वाजवा आणि बाहेरच थांबा. तो बहुतेक तुसड्या आवाजात विचारेल, ‘काय आहे?’ जेवायला वाढलंय एवढंच सांगा आणि परत या. पोळी तव्यावर असेल.